सहावी ते आठवीच्या होमस्कूलिंगवाल्या मुलांसाठी थेट ऑनलाइन विज्ञानवर्ग : सामान, कॅमेरा, शब्द आणि अडचणी (इंदूर)

सुदामा_नगर

सहावी ते आठवीच्या वयाची सहा मुलं आहेत. चार इंदुरात, एक बडोद्याला, एक ग्वाल्हेरला. शाळेत कोणी जात नाही. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ हवे तितके मिळतात, पण ते बघून मुलांना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि हातात सेल आणि बल्ब दिला की जोडणी जमत नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा थेट वर्ग घ्यायचा विचार आहे. शिकवायला दोन पालक आहेत, दोघांचंही विज्ञान पक्कं आहे, पण पडद्यावरून शिकवण्याचा सराव नाही. एका वर्गात किती मुलं असावीत, वेळ किती, सामान कोणी आणायचं, इंदुरात ते कुठे मिळेल आणि प्रयोग पडद्यावरून होतो तरी का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं. मुलं घरी मराठी बोलतात, पुस्तकं हिंदी किंवा इंग्रजी.

प्रयोगवही

सहा ही संख्या चांगली आहे. आठाच्या पुढे नेऊ नका. आठांपर्यंत प्रत्येकाचे हात पडद्यावर दिसतात, त्यापुढे चौकोन इतके लहान होतात की कोणी सेल उलटा बसवलाय हे कळत नाही, आणि मग तो वर्ग राहत नाही, भाषण होतं.

वेळ ५० मिनिटं धरा. पहिली पाच मिनिटं सामान मांडून कॅमेऱ्याला दाखवण्यात जातात, ती जाऊ द्या. पुढची पाच मिनिटं अंदाज बांधायला. सगळ्यांनी आपला अंदाज चॅटमध्ये टाइप करायचा पण पाठवायचा नाही, आणि "तीन, दोन, एक" म्हटलं की एकदम पाठवायचा. असं केलं नाही तर सगळ्यात चुणचुणीत मूल उत्तर देतं आणि बाकीची मान डोलावतात. मग २० ते २५ मिनिटं प्रयोग, उरलेला वेळ आकडे आणि चर्चा. आवरणं आणि वहीतली आकृती वर्गानंतर.

थेट वर्गाची खरी ताकद वेगळीच आहे. शाळेत तीस मुलं एकच प्रयोग एकाच पाण्याने, एकाच सामानाने करतात. तुमच्याकडे सहा घरं आहेत. मग तोच प्रयोग सहांना सारखा का द्यायचा? प्रत्येक घराला वेगळं प्रमाण द्या आणि सहांचे आकडे एका आलेखावर मांडा. सगळ्यांचे आकडे आल्याशिवाय कोणालाच उत्तर कळत नाही, म्हणून दुसऱ्याच्या आकड्याकडेही मुलं लक्ष देतात.

नमुना सांगतो. अर्ध्या लिटरची पाण्याची रिकामी बाटली, तीत ५० मिली व्हिनेगर, फुग्यात खायचा सोडा, फुगा बाटलीच्या तोंडावर चढवून उलटा करायचा. सहा घरांना १, २, ३, ४, ५ आणि ६ ग्रॅम सोडा वाटून द्या. व्हिनेगर ५ टक्क्यांचं असेल तर ५० मिलीत अडीच ग्रॅम ॲसेटिक आम्ल असतं आणि ते सुमारे साडेतीन ग्रॅम सोड्यात संपतं. म्हणजे ३ ग्रॅमपर्यंत फुगा मोठा होत जातो. ४, ५ आणि ६ वाल्यांचे फुगे जवळपास सारखे. "जास्त सोडा म्हणजे मोठा फुगा" हा सगळ्यांचा अंदाज इथे मोडतो, आणि तो कोणा एकाच्या घरात मोडत नाही, सहा घरं मिळून मोडतो. बाटलीवरची टक्केवारी आधी वाचा. आपल्याकडे ४ टक्क्यांचंही व्हिनेगर मिळतं; त्यात ही मर्यादा २.८ ग्रॅमवर येते.

फुग्याचा घेर दोऱ्याने मोजायचा. एक लिटर वायू भरला तर घेर सुमारे ३९ सेंमी येतो. सहावीच्या मुलांना फक्त "वाढ कुठे थांबली" एवढंच विचारा. आठवीच्यांना घेरावरून आकारमान काढायला लावा, कारण घेराचा आलेख सरळ रेषेत येतच नाही. आकारमान घेराच्या घनाच्या प्रमाणात वाढतं.

जेल_रोड

बेकिंग पावडर चालेल का सोड्याऐवजी?

प्रयोगवही

नाही. पावडरमध्ये सोड्याबरोबर कोरडं आम्ल आणि स्टार्च असतो, त्यामुळे ग्रॅमचा हिशोब चुकतो. या प्रयोगात हमखास बिघडणाऱ्या आणखी गोष्टी : फुगे वेगवेगळ्या पाकिटांतले असणं (रबराची जाडी बदलते, एकाच पाकिटातले सगळ्यांना वाटा), फुगा आधी दोनदा हवा भरून सैल न करणं, आणि सोडा फुग्याच्या तोंडाशी चिकटून राहणं. शेवटच्यासाठी कोरड्या कागदाचं नरसाळं करा. वजनाला सराफी छोटा काटा घ्या, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. स्वयंपाकघरातला काटा एकेक ग्रॅमनेच पुढे सरकतो, तो इथे कामाचा नाही.

तारयंत्र

कॅमेऱ्याबद्दल. लॅपटॉपचा कॅमेरा चेहरा दाखवतो आणि विज्ञानात चेहरा बिनकामाचा. प्रत्येक घरी एक जुना फोन मीटिंगमध्ये वेगळा सदस्य म्हणून जोडा आणि मागच्या कॅमेऱ्याने तो टेबलावर वरून रोखा. स्टँड नसला तर टेबलाच्या दोन बाजूंना दोन उंच डबे ठेवा, वर दोन लाकडी पट्ट्या समांतर, मधल्या फटीतून फोनचा कॅमेरा खाली बघेल असा. उंची ३५ ते ४० सेंमी. त्यापेक्षा खाली आणला तर हात फोकसमध्ये राहत नाही, वर नेला तर मोजपट्टीवरचे मिलिमीटर वाचता येत नाहीत.

या फोनचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद. एकच उघडा राहिला तरी कर्कश शिट्टी सुरू होते आणि पाच मिनिटं त्यात जातात.

झूमच्या फुकट खात्यावर मीटिंग ४० मिनिटांत तुटते. गुगल मीटवर तीन किंवा जास्त सदस्य असतील तर ६० मिनिटं मिळतात, म्हणून ५० मिनिटांच्या वर्गाला मीट बरं. झूममध्ये फोकस मोड आहे, त्यात मुलांना एकमेकांचे व्हिडिओ दिसत नाहीत पण शिकवणाऱ्याला सगळे दिसतात. अंदाज आणि मोजमापाच्या वेळी फार उपयोगी. त्यासाठी झूमचं पैसे भरून घेतलेलं खातं कोणाकडे असेल तर ते वापरा.

आवाजाच्या धड्याला एक गोष्ट नक्की आडवी येते. ही ॲप्स सतत चालणारा सूर गोंगाट समजून गाळून टाकतात. पाण्याच्या बाटलीवर फुंकर, ट्यूनिंग फोर्क, ताणलेलं रबर, काहीच पलीकडे पोचत नाही, आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. झूममध्ये "ओरिजिनल साउंड" चालू करा, मीटमध्ये नॉइज कॅन्सलेशन बंद करा. हे प्रत्येक मुलाच्या यंत्रावर करावं लागतं, फक्त शिकवणाऱ्याच्या नाही.

आणि एकत्र मोजणी कधीच करू नका. "मी एक म्हटलं की सुरू करा" हे पडद्यावर चालत नाही, प्रत्येकाकडे आवाज वेगवेगळ्या उशिराने पोचतो. ज्याने त्याने आपल्या घड्याळावर आपली वेळ मोजायची. लंबकाला तर हा नियम पक्का पाळा.

सुदामा_नगर

तारयंत्र, लंबकाचं जरा विस्ताराने सांगाल का? पहिल्या महिन्यात तोच घ्यायचा विचार आहे.

तारयंत्र

दोरा, नट, चिकटपट्टी आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. सहा घरांना सहा लांब्या : २०, २५, ४०, ५०, ८० आणि १०० सेंमी. २५ सेंमीला एक पूर्ण झोका १ सेकंदाचा, १०० सेंमीला २ सेकंदांचा. चौपट लांबीला वेळ दुप्पट, हे त्यांनीच आलेखातून काढू दे.

२० झोके मोजून २० ने भागा. चुका तीनच होतात, पण सगळीकडे होतात. सोडताना "एक" म्हणतात, तिथे "शून्य" म्हणायचं, नाहीतर १९ झोके २० म्हणून लिहिले जातात आणि उत्तर ५ टक्क्यांनी कमी येतं. लांबी गाठीपर्यंत मोजतात, ती नटाच्या मध्यापर्यंत हवी. २० सेंमीच्या लंबकात एका सेंटिमीटरचा फरक दिसून येतो. आणि हात फार लांब नेऊन सोडतात. २५ सेंमीच्या लंबकाला ४ सेंमीच बाजूला ओढा. दोरा चौकटीच्या खिळ्याला नुसता गुंडाळू नका, झोक्याबरोबर तो उलगडत जातो आणि लांबी बदलते. दोन सपाट पट्ट्यांच्या मधे घट्ट दाबून धरा.

रेवाकाठ

या धाग्यावर अजून कोणी भाषेबद्दल बोललेलं नाही, आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी मुलांची सगळ्यात मोठी अडचण तीच आहे. शिकवणारा मराठीत बोलतो, मुलाचं पुस्तक हिंदी असतं, आणि काही शब्द दोन्हीकडे आहेत पण अर्थ वेगळे.

मराठीत अणू म्हणजे ज्याला हिंदीत परमाणु म्हणतात तो. हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. "पाण्याच्या एका रेणूत तीन अणू" हे बरोबर वाक्य हिंदी पुस्तकवाल्या मुलाच्या कानाला चूक वाटतं.

मराठीत पेशी म्हणजे हिंदीतली कोशिका. हिंदीत पेशी म्हणजे स्नायू. कांद्याच्या पापुद्र्यात "पेशी" बघायची म्हटलं की मूल मांस शोधतं.

मराठीत क्षार म्हणजे हिंदीतलं लवण. हिंदीत क्षार म्हणजे अल्कली. आपल्या पुस्तकांत आम्लारी म्हणतात त्याला हिंदीत क्षारक. आम्ल-आम्लारीच्या धड्यात हा घोळ नक्की होतो, कारण "आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार तयार होतो" याचा हिंदी कानाने अर्थ पार उलटा लागतो.

वस्तुमान म्हणजे द्रव्यमान, मूलद्रव्य म्हणजे तत्व, संयुग म्हणजे यौगिक, उत्कलनांक म्हणजे क्वथनांक. यांत अर्थाची गफलत नाही, फक्त शब्द ओळखीचा नसतो.

उपाय साधा. वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने, मराठी-हिंदी-इंग्रजी, आणि प्रत्येक धड्याच्या आधी त्या दिवसाचे चार-पाच शब्द मुलांनीच भरायचे. अणू, पेशी आणि क्षार यांच्यासमोर लाल खूण. वर्गात बोलताना या तिघांसाठी सुरुवातीचे दोन-तीन महिने इंग्रजी शब्द वापरलात तरी काही बिघडत नाही : ॲटम, सेल, सॉल्ट.

शिकवण्याच्या पद्धतीसाठी दूर जायला नको, आपल्याच मध्य प्रदेशात ती घडली. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांत सुरू झाला, १९७८ पासून तो सगळ्या जिल्ह्यात गेला आणि २००२ मध्ये बंद करण्यात आला. त्यासाठी सहावी, सातवी आणि आठवीची "बाल वैज्ञानिक" पुस्तकं तयार झाली. त्या पुस्तकांत प्रयोगाचं उत्तर छापलेलं नसे. करून बघा, लिहा, चर्चा करा, असा क्रम. तुमच्या वर्गाला हाच क्रम लागतो. हिंदी सोपी आहे, मुलांना वाचता येईल. अरविंद गुप्तांच्या काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या खेळण्यांची मुळंही तिथलीच.

एमजी_रोड

सामान इंदुरात कुठे घ्यायचं हा प्रश्न राहिलाय. सेलवर फिरणारी छोटी मोटार घरी करायची असेल तर तिची तार महाराणी रोडला किंवा कुठल्याही रिवाइंडिंगवाल्याकडे. "वाइंडिंगची तार, २६ नंबर" असं मागा, वजनावर मिळते, ५० ग्रॅम सहा मुलांना पुरते. एलईडी, सेल होल्डर, क्रोकोडाइल क्लिप, छोटे रेझिस्टर जेल रोडला. सिरिंज, बीटाडीन, सर्जिकल स्पिरिट औषधाच्या दुकानात. सुई टोचू नये म्हणून सिरिंज सुईशिवाय घ्या; १ मिलीच्या आणि २० मिलीच्या, प्रत्येकी एक. मोजपात्राचं काम यांनी भागतं. वह्या, आलेख कागद खजुरी बाजारात.

सगळ्या घरांचं सामान एकानेच आणावं आणि पाकिटं करावीत. घरोघर "जे असेल ते घ्या" म्हटलं की एकाकडे साबण, दुसऱ्याकडे हँडवॉश, आणि तुलना संपली. बडोद्याचं आणि ग्वाल्हेरचं पाकीट कुरियरने. त्यात द्रव काही घालू नका, व्हिनेगर आणि स्पिरिट तिथेच घ्यायला सांगा. पाकिटावर धड्याचा क्रमांक टाका आणि वर्गाआधी उघडायचं नाही असा नियम करा.

सुदामा_नगर

मोटार घरी वळली पण फिरत नाही. दोन्ही टोकं सँडपेपरने चांगली घासली आहेत.

एमजी_रोड

तिथेच चुकलंय. एक टोक पूर्ण घासायचं, दुसरं फक्त अर्धं, म्हणजे वरची बाजू तांब्याची आणि खालची बाजू मुलाम्याची. दोन्ही पूर्ण घासली की वेटोळ्याला अर्ध्या फेरीत पुढे ढकललं जातं आणि पुढच्या अर्ध्या फेरीत मागे, त्यामुळे ते थरथरतं आणि थांबतं. घासताना वेटोळं उभं धरून टोक टेबलाच्या कडेवर टेकवा आणि फक्त वरूनच ब्लेड फिरवा. ब्लेड मोठ्यांनी धरायचं.

१० ते १२ फेरे, जाड मार्करवर गुंडाळलेले. दोन टोकं एका रेषेत नसली तरी फिरत नाही. टेबलाच्या समतलातून बघा, वेटोळं एका बाजूला लटकत असेल तर वाकवून मध्यावर आणा. आधार म्हणून सेफ्टी पिना. चुंबक जुन्या स्पीकरचं. फिरत नसेल तर १० सेकंदांत सेल काढा, तार आणि सेल दोन्ही तापतात.

अर्धं टोक घासण्याचं कारण आधी सांगू नका. एकाला पूर्ण घासायला द्या, दुसऱ्याला अर्धं, आणि का फिरलं ते त्यांनाच विचारा.

प्रयोगवही

घराघरांच्या आकड्यांची तुलना करायला पाण्याच्या कठीणपणाचा प्रयोग उत्तम, कारण इंदुरात एका घरी नर्मदेचं पाणी, दुसऱ्या घरी बोअरचं, शिवाय सगळीकडे आरओचं. प्रत्येक मुलाने तिन्ही नमुने मिळतील तितके घ्यावेत.

अंगाच्या साबणाचा कीस २ ग्रॅम, १०० मिली गरम आरओ पाण्यात विरघळवा. पारदर्शक बाटलीत ५० मिली नमुना. सिरिंजने १ मिली साबणाचं पाणी, १० सेकंद हलवा, एक मिनिट थांबा. फेस टिकला नाही तर आणखी १ मिली. फेस मिनिटभर टिकेपर्यंत किती मिली लागलं तो आकडा. आरओला कमी, बोअरला बरंच जास्त, आणि बोअरच्या बाटलीत पांढरा गाळ धरतो. शँपू, भांड्यांचं लिक्विड घेतलं की तिन्ही पाण्यांत सारखाच फेस येतो, कारण ते साबण नाहीत, डिटर्जंट आहेत. आंघोळीची म्हणून विकली जाणारी सगळी वडीही साबणाची नसते, वेष्टनावर बघा.

आणखी एक, उकळत्या पाण्याचं तापमान. पुस्तकात १००, इंदुरात थर्मामीटर ९८ च्या आसपास अडकतो. शिकवणाराही थर्मामीटर खराब म्हणतो. पण थर्मामीटर बरोबर असतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. बडोदा जवळजवळ समुद्रसपाटीला, तिथे १०० च्या अगदी जवळ येईल. तुमच्या बडोद्याच्या मुलाला आणि इंदूरच्या मुलांना एकाच दिवशी मोजू द्या आणि फरक का आला ते शोधू द्या. थर्मामीटर लाल अल्कोहोलचा, ११० पर्यंतचा, सगळ्यांचा एकाच कंपनीचा. तापाचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात चुकूनही नको, तो ४२ च्या पुढे फुटतो. आधी सगळ्यांनी वितळत्या बर्फात बुडवून शून्य तपासा; ज्याचा एक अंश दाखवतो त्याचा एक अंश नंतर वजा. गोळा भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका. गॅसपाशी मोठं माणूस उभं हवं.

ग्वाल्हेर_२६_अंश

आमच्या गावाचा उपयोग करून घ्या. ग्वाल्हेरचे अक्षांश २६.२, इंदूरचे २२.७. साडेतीन अंशांचा फरक, आणि उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३९० किमी. एवढ्यावर पृथ्वीचा परीघ निघतो, प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने काढला तसाच.

२२-२३ सप्टेंबरला दोन्ही गावी एक मीटरची काठी उभी करा. इंदुरात मध्यान्हीची सावली ४२ सेंमीच्या जवळ, ग्वाल्हेरला ४९. मुलांनी कागदावर १० सेंमीला मीटर धरून त्रिकोण काढायचा आणि कोनमापकाने वरचा कोन मोजायचा, टॅनजंट माहीत नसला तरी चालतं. कोनांतला फरक ३.५ आला तर ३६० भागिले ३.५ गुणिले ३९०, म्हणजे ४० हजारांच्या जवळ.

पण काठी एक सेंटिमीटरने जरी कलली तरी कोन अर्ध्या अंशाहून जास्त चुकतो, आणि साडेतीनातला अर्धा म्हणजे परिघात सुमारे सहा-सात हजार किलोमीटरचा घोटाळा. काठी ओळंब्याने तपासा, दोन बाजूंनी. गच्चीला पाणी जाण्यासाठी उतार असतो, त्यावर थेट मोजू नका. पाट ठेवून त्याखाली कागदाच्या घड्या घालून पाण्याच्या लेव्हलने सपाट करा. आणि अंतर रस्त्याचं घेऊ नका, रस्ता वळसे घेतो. नकाशावर इंदूरच्या अक्षवृत्तापासून ग्वाल्हेरच्या अक्षवृत्तापर्यंत सरळ उत्तरेकडे मोजा.

बडोदेकर

बडोदा अक्षांशाने इंदूरच्या जवळच, २२.३, म्हणून परिघासाठी आमची जोडी निरुपयोगी. पण रेखांशाला आम्ही कामी येतो. बडोदा ७३.२, इंदूर ७५.९, ग्वाल्हेर ७८.२. पृथ्वी एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, त्यामुळे मध्यान्ह आधी ग्वाल्हेरला, साधारण दहा मिनिटांनी इंदूरला आणि आणखी दहा मिनिटांनी बडोद्याला. सप्टेंबरच्या त्या दिवशी घड्याळात ग्वाल्हेरला सुमारे १२ वाजून १० मिनिटं, इंदूरला १२.२०, बडोद्याला १२.३०. थेट वर्ग चालू असताना हे घडताना दिसतं, आणि हे कुठल्याही शाळेला एका अंगणात दाखवता येणार नाही.

सर्वांत लहान सावली बघून वेळ ठरवू नका. मध्यान्हीजवळ सावलीची लांबी जवळपास बदलतच नाही, दहा मिनिटांचा घोळ होतो. शंकूची, म्हणजे उभ्या काठीची जुनी रीत वापरा : काठीभोवती दोरीने वर्तुळ आखा, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवतं ती वेळ, दुपारी पुन्हा शिवतं ती वेळ, दोन्हींच्या मधोमध मध्यान्ह. दोन खुणा जोडणाऱ्या रेषेला मध्यावर लंब काढला की खरी उत्तर-दक्षिण. वर्तुळ सकाळी साडेदहाच्या सावलीएवढं घेतलं तर अचूकपणा चांगला येतो. उज्जैनच्या वेधशाळेत शंकुयंत्र आहे, इंदूरच्या मुलांना ते दाखवून आणा.

सुदामा_नगर

शून्य सावलीचा दिवस इंदुरात दिसतो ना?

ग्वाल्हेर_२६_अंश

इंदुरात वर्षातून दोनदा, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात. जुलैत ढग असतात, म्हणून जूनचा पकडा, साधारण १२.२५ ला. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला, आमच्याकडे सावली कधीच शून्य होत नाही. त्याच दिवशी आमच्या काठीची सावली मुलांना दाखवू, दोन्ही चौकोन शेजारी-शेजारी ठेवून.

वहीपेन

सुरक्षेबद्दल, आणि हे नियम म्हणून पाळा. घरात मोठं माणूस नसेल तर त्या दिवशी त्या मुलाने फक्त बघायचं. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीच हे कधीच सामानात नको; दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो. सूर्याकडे दुर्बीण किंवा भिंग रोखायचं नाही.

पानातला स्टार्च दाखवायचा प्रयोग मुलांच्या घरी करू नका, शिकवणाऱ्याने एकट्याने करावा. पान दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, मग गॅस पूर्ण बंद, मग स्पिरिटचा ग्लास त्याच गरम पाण्यात ठेवायचा. स्पिरिट ८० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून नुकत्याच उकळलेल्या पाण्याची ऊब पुरते. ज्योत चालू ठेवली तर वाफ पेट घेते. हरितद्रव्य उतरलं की पान धुऊन त्यावर पाण्यात दहापट पातळ केलेलं बीटाडीन. पान दुपारनंतर तोडा. पहाटेच्या पानात स्टार्च फार नसतो आणि प्रयोग फसला असं वाटतं.

वर्ग रेकॉर्ड करायचा असेल तर सगळ्या पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलं आहे.

पुढच्या परीक्षांचा विचार आत्ताच करा. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, त्यांच्या ओपन बेसिक एज्युकेशनची लेव्हल सी ही आठवीच्या समकक्ष आहे. त्यांच्या दहावीला वयाची किमान अट १४ वर्षांची आणि विज्ञान-तंत्रज्ञान विषयाला प्रात्यक्षिकही असतं. केंब्रिजच्या आयजीसीएसईला (दहावीच्या पातळीची परीक्षा) बाहेरून बसणाऱ्यांसाठी विज्ञान विषयांत प्रात्यक्षिकाऐवजी लेखी पेपर निवडता येतो, पण त्यात उपकरणांची वाचनं, आलेख आणि चुकांची कारणं विचारतात. ज्याने हाताने केलं नाही त्याला तो अवघड जातो. दोन्हींसाठी सहावीपासूनची प्रयोगवही उपयोगी पडते. तारीख, वेळ, सामान, अंदाज, आकडे, आणि चुकलेला आकडा एका रेघेने खोडून बाजूला बरोबर. खाडाखोड करून पान फाडायचं नाही.

रेवाकाठ

नेट गेलं तर? फेट (PhET) या संकेतस्थळावरची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावरचे आभासी प्रयोग, आधीच उतरवून ठेवा, एका फाइलमध्ये येतात आणि ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतात, बरीच मराठीतही आहेत. मात्र सर्किटचं सिम्युलेशन खऱ्या सर्किटच्या आधी देऊ नका. सिम्युलेशनमध्ये तार कधी सैल नसते, सेल उतरलेला नसतो, म्हणून तिथे पास झालेलं मूल खऱ्या तारेपाशी गोंधळतं. आधी तार, मग पडदा.

सुदामा_नगर

सर्वांचे मनापासून आभार. पहिला वर्ग फुग्यांचा, दुसरा लंबकाचा, मग पाणी, आणि २३ सप्टेंबरला इंदूर-ग्वाल्हेर-बडोदा सावल्या. एकच शंका : त्या दिवशी एखाद्या गावी ढग असले तर त्यांनी दुसऱ्या दिवशी मोजलं तर चालेल ना?

ग्वाल्हेर_२६_अंश

नाही चालणार. विषुवाच्या (दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसाच्या) सुमारास सूर्य रोज सुमारे ०.४ अंशाने दक्षिणेला सरकतो. आपला सगळा फरकच साडेतीन अंशांचा, त्यातला ०.४ म्हणजे परीघ दहा टक्क्यांहून जास्त चुकला. तारीख बदलली तरी हरकत नाही, पण इंदूर आणि ग्वाल्हेरने एकाच दिवशी मोजलं पाहिजे. २० ते २८ सप्टेंबर रोज दोन्हीकडे मोजून ठेवा आणि दोन्ही गावी ऊन असलेला दिवस निवडा.